पडद्यावरची सासू

गेल्या अंकांत या सदरांत आम्हीं संस्कृत नाटकांतील विदूषकाविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्या विचारतात, "नायकनायिकांचीं चरित्रें सगळेच लिहितात, तुम्ही विदूषकापर्यंत आलांत हें बरें झालें. परंतु ज्यांच्यावांचून खेळ उभा राहात नाहीं आणि ज्यांचीं नांवें जाहिरातींत सर्वांच्या शेवटीं बारीक टाइपांत येतात, त्या सासवा, आत्याबाई आणि दासी यांचें काय?"

प्रश्न रास्त आहे. आमच्या नाट्यशास्त्रकारांनीं मुख्य कथेस आधिकारिक व तिला साहाय्य करणाऱ्या कथेस प्रासंगिक असें म्हटलें असून प्रासंगिकाचेहि पताका व प्रकरी असे दोन भेद केले आहेत. सुग्रीवाची कथा रामकथेबरोबर दूरवर चालते, ती पताका; शबरीची एका प्रसंगापुरती येऊन संपते, ती प्रकरी. चित्रपटसृष्टींत ज्यांना चरित्रनट म्हणतात, तीं माणसें या पताका-प्रकरींचीं धनी होत. नायकाची सद्दी दहा-पंधरा वर्षांची. हीं माणसें मात्र तीन-तीन पिढ्यांच्या नायकांना जन्म देतात, वाढवितात, घराबाहेर काढतात आणि शेवटीं त्यांना क्षमा करून डोळे मिटतात. अशांपैकीं एका बाईंविषयीं आज लिहावयाचें योजिलें आहे.

ललिता पवार हें नांव ज्या घरांत चित्रपट पाहणें फारसें प्रशस्त मानीत नसत त्या घरांतहि ठाऊक आहे. पण नटीचें नांव म्हणून नव्हे, विशेषण म्हणून. सुनेस टोचून बोलणारी, कपाटाच्या किल्ल्या कमरेस लावून फिरणारी बाई दिसली कीं "अगदीं ललिता पवार आहे हो!" असें म्हणावयाची आपल्याकडे रीत पडून गेली आहे. विशेषनामाचें सामान्यनाम झालेलीं उदाहरणें व्याकरण शिकवितांना आम्ही मुलांना देत असूं, तेव्हां नारद व कळीचा संबंध सांगत असूं. हें दुसरें उदाहरण मुलेंच आपण होऊन देत. वर्गांत हंशा पिके. त्या हंशांत आपण कोणाला हंसतों आहोंत याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नसे.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील येवल्यास झाला. माहेरचें नांव अंबा लक्ष्मणराव सगुण. वडिलांचा रेशमी व सुती मालाचा व्यापार होता. १९२८ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षीं, पुण्यांत नानासाहेब सरपोतदार यांच्या आर्यन फिल्म कंपनींत त्या काम करूं लागल्या. चित्रपट तेव्हां मुके होते. पुढें दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशीं विवाह झाला आणि जगाला ठाऊक असलेलें नांव सिद्ध झालें. आजच्या वाचकांस कदाचित् नवल वाटेल, पण १९३० नंतरचीं आठ-दहा वर्षें या बाई नायिका होत्या. साहसपटांतून धांवत, झुंजत व गात होत्या. 'हिंमत-ए-मर्दां' (१९३५) हा त्यांतला एक. नुसतें दिसण्यावर त्यांचें समाधान नव्हतें. 'कैलास' (१९३२) या मूकपटाच्या निर्मितींत त्यांचा हात होता आणि १९३७ सालीं टॉलस्टॉयच्या 'रेझरेक्शन' कादंबरीवर आधारलेला 'दुनिया क्या है' हा बोलपट त्यांनीं काढला. एकवीस वर्षांची एक मराठी बाई टॉलस्टॉय निवडते आणि त्यावर पैसा लावते, ही गोष्ट 'सासू' या शिक्क्याखालीं कायमची झांकून गेली. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' मध्यें (१९३९) त्या होत्या. खांडेकरांच्या कथेवर मास्टर विनायकांनीं काढलेल्या 'अमृत' मध्येंहि (१९४१) होत्या.

मग १९४२ साल उजाडलें. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचें चित्रण चालूं असतां एका प्रसंगांत त्यांना थप्पड खावयाची होती. मारणारे नट भगवान, म्हणजे पुढें 'अलबेला' मुळें घरोघर पोंचलेले भगवानदादा. हाताचा अंदाज चुकला. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याच्या एका बाजूचे स्नायू लुळे पडले. उपचार दीर्घकाळ चालले. चेहरा पुष्कळसा सुधारला, पण डावा डोळा जन्माचा बारीक राहिला. वय सव्वीस. ज्या धंद्यांत मुखचंद्रावरच पोट चालतें, त्या धंद्यांत हा अपघात म्हणजे गवयाचा कंठ जाण्यासारखा होता. भगवानांनीं कांहीं दुष्टपणानें हें केलें नव्हतें. दोघांच्याहि नशिबीं आलेला तो एक क्षण होता. पण एकाला त्याचा पश्चात्ताप पुरला आणि दुसरीला तो क्षण तोंडावर वागवीत आणखी पन्नास वर्षें काम करावें लागलें.

नायिकेचीं कामें अर्थात् संपलीं. येथें दुसरी एखादी बाई घरीं बसती. ललिताबाई दोनच वर्षांनीं, १९४४ सालीं, प्रभातच्या 'रामशास्त्री' चित्रपटांत आनंदीबाई होऊन उभ्या राहिल्या. गजानन जागीरदारांचा रामशास्त्री ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना त्या न्यायमूर्तीचें तेज विसरणें शक्य नाहीं. परंतु त्या तेजास समोर कोणी तरी अंधार पुरवावा लागतो आणि तें काम या बाईंकडे आलें. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत झाला. रामशास्त्र्यांनीं चौकशी करून दोष दिला तो रघुनाथरावांस, आणि देहान्ताचें प्रायश्चित्त सांगितलें तेंहि त्यांसच. पण आपल्या घरांतल्या कोणत्याहि मुलास विचारा, नारायणरावांस कोणीं मारिलें? तो म्हणेल, "आनंदीबाईनें ध चा मा केला." ज्यास न्यायाधीशानें अपराधी ठरविलें तो पुरुष राघोभरारी म्हणून आठवणींत राहिला, आणि एका अक्षराच्या दंतकथेवरून त्याची बायको शिव्यांची धनीण झाली. पडद्यावर त्या दंतकथेला चेहरा मिळाला तो ललिताबाईंचा. हा पहिला प्रसंग. पुढें त्यांच्या आयुष्यांत हेंच पुनःपुन्हां घडत गेलें, असें आम्हांस वाटतें: दोष घरांतल्या पुष्कळांचा असावा, आणि तो उच्चारण्याचें काम या एका बाईनें करावें.

सासूच्या भूमिकांचा पाढा वाचण्यांत अर्थ नाहीं. तो फार लांब आहे आणि त्यांतला बराचसा भाग एकाच सांच्यांतला आहे. शांतारामबापूंच्या 'दहेज' चें (१९५०) नांव मात्र घेतलें पाहिजे. हुंड्यापायीं सुनेचा छळ करणारी सासू त्यांत बाईंनीं अशी केली आहे कीं प्रेक्षागृहांतल्या बायका दांतओंठ खात. पण हुंडा काय एकटी सासू घेते? याद्या करतांना बैठकीवर पुरुषच बसलेले असतात, आंकडा तेच घालतात, सुपारी तेच फोडतात. सासू स्वयंपाकघराच्या दारांत उभी राहून त्या आंकड्याची वसुली करते एवढेंच. चित्रपटवाल्यांस मात्र वसुली दाखविणें सोपें जातें. ठराव करणारे चष्मेवाले सद्गृहस्थ दाखविले तर तिकीट काढून आलेल्या सद्गृहस्थांस तें रुचावयाचें नाहीं.

बिमल रॉय यांच्या 'सुजाता' मध्यें (१९५९) ही गोष्ट अधिक बारकाईनें दिसते, आणि ती आपल्यासारख्या घरांस झोंबणारी आहे. एका सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबांत अस्पृश्य मानलेल्या जातीची पोरकी मुलगी वाढते. घर सज्जनांचें आहे. इंजिनियर गृहस्थ प्रेमळ, त्यांची पत्नीहि मनाची वाईट नाहीं. मुलीला खावयास प्यावयास कमी नाहीं, पण "आमची मुलगी" असें म्हणतांना जीभ अडखळते. "मुलीसारखी" असें म्हटलें जातें. अशा घरांत ललिताबाई वृद्ध आत्या होऊन येतात, सोंवळें सांभाळीत, आणि त्या मुलीला पाहून स्पष्ट बोलतात. आम्ही सर्व त्या आत्याबाईवर रागावतों. पण पुन्हां एकदां पाहिला म्हणजे ध्यानांत येतें कीं आत्याबाई जें तोंडानें बोलते, तेंच ते सुसंस्कृत यजमान मनांत बाळगून आहेत. "सारखी" हा शब्द आत्याचा नव्हे. आम्हांस हा चित्रपट तरुणपणीं आवडला होता. उतारवयांत तो जास्त आवडत असला तरी पाहावयास जास्त जड जातो.

त्याच वर्षीं एका दुसऱ्या भूमिकेनें या बाईंनीं सर्वांस बुचकळ्यांत टाकिलें. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी' मधील मिसेस डिसा! भोळ्या राजला घरांत जागा देणारी ख्रिस्ती घरमालकीण. तोंडानें सारखी करकर, भाड्याची मागणी, दटावणी. आणि आंतून आईपण ओसंडून चाललेलें. पुढें औषधांतील विषानें ती दगावते आणि तिच्या खुनाचा आळ त्या पोरावरच येतो. भूमिका ऐकावयास साधी आहे, आणि रडें आणणाऱ्या आया आपल्या चित्रपटांत कांहीं थोड्या नाहींत. परंतु बाईंनीं येथें जें केलें तें नीट पाहण्यासारखें आहे. रागाचे शब्द त्या खऱ्या रागानेंच बोलतात. "हा राग वरवरचा आहे, बरें का" अशी सूचना प्रेक्षकांस डोळा मिचकावून देत नाहींत. माया दिसते ती हातांत. ताट सरकविण्यांत, दिवा मालविण्याआधीं एकवार मागें वळून पाहण्यांत. ज्या घरांत माणसें प्रेम बोलून दाखवीत नाहींत, आणि आपलीं जुनीं घरें बहुतेक अशींच, तेथें वाढलेल्यास ही ओळख लगेच पटते. कित्येक वाचकांस आपली एखादी आजी किंवा चुलती आठवेल. या कामाबद्दल त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें आणि १९६१ सालीं संगीत नाटक अकादमीनेंहि त्यांचा गौरव केला.

आणि डोळा? डोळा तोच होता. 'दहेज' मध्यें ज्या डोळ्यांत दुष्टावा दिसला, त्याच अर्धमिटल्या डोळ्यांत मिसेस डिसाची माया दिसली. तेव्हां दुष्टपणा डोळ्यांत नव्हताच. तो पाहणारांनीं घातला होता. हीच साक्ष 'श्री ४२०' (१९५५) मधली केळीं विकणारी गंगामाई देते. ती मुंबईच्या पदपथावर बसते, भावावरून हुज्जत घालते आणि परक्या पोराला पोटाशीं धरते. त्याच वर्षीं गुरुदत्त यांच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्यें बाई स्त्रीहक्कांची चळवळ करणारी श्रीमंत आत्या झाल्या. तो चित्रपट त्या आत्येची थट्टा करतो. हिंदु विवाहाचा कायदा ज्या सालीं झाला, त्याच सालीं घटस्फोट मागणाऱ्या बायका हास्यास्पद ठरविणें हें गुरुदत्तांसारख्या कलावंतास शोभलें नाहीं, असें आमचें मत आहे. पण बाईंनीं त्या पात्रास मूर्ख होऊं दिलें नाहीं. तिचा ताठा खरा, तिची भीतिहि खरी. 'जंगली' (१९६१) मधली घरांत हंसण्यास बंदी करणारी आई आणि 'प्रोफेसर' (१९६२) मधली करडी सीतादेवी यांत तर त्यांनीं स्वतःच्याच शिक्क्याची गंमत केली आहे. सोंगाड्या वृद्ध मास्तरावर सीतादेवीचा जीव जडतो तेव्हां प्रेक्षक पोट धरून हंसतात. बाई मात्र त्यांत एक कोंवळी लाज अशी ठेवतात कीं हंसणाराला मागाहून थोडें चुकल्यासारखें वाटावें. पुढें 'आनंद' मध्यें (१९७१) हृषीकेशबाबूंनीं त्यांना रुग्णालयांतल्या मेट्रनची भूमिका दिली आणि आडनांव पुन्हां डिसाच ठेविलें. तें सहज सुचलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां मंथरेकडे वळूं. ही भूमिका ललिताबाईंनीं दोनदां केली. १९६१ सालीं बाबूभाई मिस्त्री यांच्या 'संपूर्ण रामायण' चित्रपटांत, आणि सव्वीस वर्षांनीं रामानंद सागर यांच्या दूरदर्शन मालिकेंत. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारीं सकाळीं ही मालिका लागे आणि रस्ते ओस पडत. दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर, मंथरा ललिता पवार: अयोध्येच्या राजवाड्यांत महाराष्ट्राचा असा भरणा होता. बाईंचें वय तेव्हां एकाहत्तरीच्या घरांत आलेलें. पाठीस कुबड बांधून, काठी टेकीत त्या कैकेयीच्या महालांत शिरल्या आणि देशभर घरोघर एकच शब्द उमटला, "आली!"

शाळेच्या स्नेहसंमेलनांत रामायणाचा प्रवेश बसवितांना आम्हांस एक अडचण नित्य येई. राम व्हावयास दहा मुलें तयार, रावण व्हावयास वीस. मंथरा व्हावयास एकहि नाहीं. शेवटीं चिठ्ठी टाकावी लागे, आणि जिच्या नांवाची चिठ्ठी निघे ती मुलगी रडे. एवढें या पात्राचें भय आहे. परंतु वाल्मीकींचें अयोध्याकांड सावकाश वाचलें तर मंथरा जरा निराळी दिसते. ती कैकेयीबरोबर माहेराहून आलेली दासी. प्रासादावर चढून तिनें सजलेली नगरी पाहिली, तेव्हां तिला राज्याभिषेकाची वार्ता कळली. घरांतल्यांना सांगण्याची तसदी कोणीं घेतली नव्हती. कैकेयीला तर आनंदच झाला, तिनें वार्ता आणणारीस अलंकार देऊं केला. मंथरेनें तो फेंकून दिला आणि विचारलें कीं भरत आजोळीं असतांनाच ही घाई कां? ही शंका तिच्या कुबडांतून निघालेली नव्हती. तीन सर्गांपूर्वीं दशरथानें स्वतः रामाला एकांतांत सांगितलें आहे कीं भरत नगराबाहेर आहे तोंवरच तुझा अभिषेक उरकणें मला योग्य वाटतें. आणि पुढें चित्रकूटावर श्रीरामच भरताला सांगतात कीं तुझ्या आईच्या विवाहाच्या वेळीं वडिलांनीं तुझ्या आजोबांस राज्याचें वचन दिलें होतें. म्हणजे राजानें वचन दिलें, राजानें तें गिळलें, राणीनें वर मागितले. आणि युगानुयुगें बोटें मोडलीं जातात तीं दासीच्या नांवानें. पुढच्या कवींस हें अवघडच वाटलें असावें. अध्यात्मरामायणांत व तुलसीदासांच्या मानसांत देवांनीं सरस्वतीस पाठवून मंथरेची बुद्धि फिरविली असें सांगितलें आहे. त्यानें मंथरा सुटते खरी, पण दशरथाचीहि चौकशी टळते.

मंथरा निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्या सल्ल्यांत मत्सर आहे, विष आहे. पण ललिताबाईंच्या दोन्ही मंथरांत आम्हांस एक गोष्ट दिसली, ती म्हणजे तिचें कैकेयीवरचें प्रेम. पद्मा खन्नांची कैकेयी रागावून तिला झिडकारते, तेव्हां बाईंच्या चेहऱ्यावर कपट नसतें. जिला अंगाखांद्यावर खेळविलें ती पोर आपलें हित ओळखीत नाहीं, अशी म्हातारीची तळमळ असते. हें नसतें तर कैकेयी तिचें ऐकतीच कशाला? घरांतलें माणूस चुकीचा सल्ला देतें तें बहुधा प्रेमानेंच देतें, म्हणून तर तो ऐकला जातो.

२०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदींत दूरदर्शननें ती मालिका पुन्हां दाखविली. घराबाहेर पडणें बंद, तेव्हां आमच्याकडे आजी-नातवंडें सगळीं एका खोलींत बसून ती पाहात. मंथरा दिसली तसा आमचा धाकटा नातू ओरडला, "आजोबा, ही वाईट आहे! तिचा डोळाच बघा ना!" आमच्या वहिनी तेथेंच शेंगा सोलीत बसल्या होत्या. त्या त्याला म्हणाल्या, "अरे, तो डोळा वाईटपणानं नाही बारीक झाला. सिनेमात काम करताना लागलं होतं तिला." पोर क्षणभर गप्प राहिला. मग त्यानें विचारलें, "मग पाठीला पण लागलं होतं का?" कुबड खोटें आहे, बांधलेलें आहे, हें त्याला सांगावें लागलें. डोळा खरा आणि कुबड खोटें, एवढें कळल्यावर त्याचा तिच्यावरचा राग ओसरला व तो काठीकडे लक्ष देऊन पाहूं लागला. ज्या गोष्टीसाठीं आम्ही वाल्मीकींचे सर्ग धुंडाळीत होतों ती वहिनींनीं शेंगा सोलतां सोलतां उरकली.

वाल्मीकींनीं मंथरेला आणखी एकदांच आणलें आहे. भरत परत आल्यावर शत्रुघ्न तिला फरफटत ओढतो, तिचे दागिने जमिनीवर विखुरतात, आणि कैकेयी मध्यें पडते. तेव्हां भरत सांगतो कीं स्त्रिया अवध्य आहेत, सोड तिला. या कुब्जेला आपण मारलें असें कळलें तर राम आपल्याशीं बोलणार नाहीं. शत्रुघ्न तिला सोडतो. पुढें तिचें काय झालें याची कवीनें विचारपूस केली नाहीं.

ललिताबाई अखेरच्या दिवसांत पुण्यास औंध येथें राहात होत्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजीं तेथेंच त्यांचें निधन झालें. पति रुग्णालयांत होते. घरांत त्या वेळीं दुसरें कोणी नव्हतें.